मागावरचे बावीस सेकंद

"तुम्ही नेमकं करता काय?" हे मला गेली वीस वर्षं लोक विचारतायत, आणि उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा एकाच तऱ्हेने पडतो. मी फॅशन शोसाठी संगीत करते. रॅम्पवर मुली नवे कपडे घालून चालत येतात ना, तेव्हा मागे जे वाजतं ते मी रचलेलं असतं. यावर पहिला शेरा ठरलेला: "अच्छा, म्हणजे डीजे!" नाही हो. डीजे दुसऱ्याचं वाजवतो, मी माझं बनवते. "असं होय," म्हणून माणूस चहाच्या कपाकडे वळतो. वळू दे. मला आता त्याचं काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि घरी येऊन अर्धा तास भांडी आपटते.

आमचं घराणं हैदराबादचं जुनं. पणजोबा कचेरीत, आजोबा कोर्टात, वडील शाळेत. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, आणि भांडण कुठल्याही भाषेत करायची तयारी. बाराव्या वर्षी मी तबला शिकायचा हट्ट धरला तेव्हा आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीनं पेटी शिकावी, फार तर सतार. तबला काय बडवतेस?" मी बडवला. पुढे कपड्यांच्या शोसाठी संगीत करायला लागले, तेव्हा ज्यांनी माझ्या बोटांत तबला घातला ते गुरुजीच म्हणाले, "ठेका बाजारात नेलास." मी म्हटलं, "गुरुजी, बाजारात नेला म्हणून तर चार लोकांनी ऐकला." उद्धट उत्तर होतं. आजही विचारलंत तर तेच देईन.

आता या धंद्याची एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रॅम्पवर ठोका एकसारखा लागतो, मिनिटाला साधारण एकशेवीस. मुली मनात आठ-आठ मोजत चालतात. ठोका हलला की पाऊल हलतं, पाऊल हललं की एवढ्या उंच टाचांवर घोटा गेलाच. म्हणून सगळं घड्याळाला बांधलेलं. मीही वीस वर्षं बांधत आले. कोणी म्हणालं इथे ढिलं वाटतंय, की कापलं. इथे फार शांत होतंय, की ढोल भरला. माझी एकही रचना मी केली तशीच्या तशी रॅम्पवर पोचलेली नाही. हे लिहिताना आजही अंगाचा तिळपापड होतो.

दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका डिझायनर बाईने मला बोलावलं. तेलुगू घरातली, हुशार, कपड्याची जाण असलेली बाई. तिने तेलंगणातल्या एका गावातल्या विणकरांकडून साड्या विणून घेतल्या होत्या आणि नामपल्लीच्या बाजूला एका जुन्या दगडी इमारतीच्या चौकात त्यांचा शो करायचा होता. "मला नेहमीचं धडाम-धुडुम नको," ती म्हणाली. "काहीतरी मातीतलं कर." आता मातीतलं म्हणजे काय, हे कुठल्याच डिझायनरला सांगता येत नाही. पण मला एकदम सुचलं. म्हटलं, साडी ज्या मागावर विणली जाते, त्याच मागाच्या आवाजावर ती साडी चालू दे. तिला इतकं आवडलं की तिने तिथेच मला मिठी मारली.

म्हणून मी गावात गेले. गावाचं नाव लिहीत नाही. का ते पुढे येईल.

डिझायनर बाईने मला जिच्याकडे पाठवलं ती विणकर बाई साठीच्या आसपासची. मी तिला अक्का म्हणायला लागले. तिच्या घरात शिरलं की डावीकडे खड्ड्यातला माग. ती खड्ड्यात पाय सोडून बसते, पायाखाली दाबायच्या लाकडी पावड्या, हातात दोरी. दोरी ओढली की धोटा खट् करून इकडून तिकडे धावतो, मग ती फणी पुढे ओढते आणि विणीवर धप्प करून बसवते. खट्-धप्प, खट्-धप्प. चाळीस वर्षं ती हे करतेय. आळीतल्या सुना तिच्याकडे शिकायला येतात, काठाचं काही अडलं की तिलाच हाक मारतात. बोलणं कमी आणि करडं.

मी माइक लावले आणि तेलुगूत म्हटलं, "अक्का, आधी नुसता माग चालवा. धागा नको. मला स्वच्छ आवाज मिळेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला रिकामा पाळणा हलवायला सांगितलाय. "वद्दु," म्हणाली. नको. आमच्या घरात रिकामा माग चालवत नाहीत. विणीन तर साडीच विणीन, तुम्हाला काय घ्यायचं ते घ्या.

झालं! मला पाहिजे होता सुटा आवाज, आणि आता मिळणार होती अख्खी दुपार: धागे, बांगड्या, कोंबड्या, खोकला. पण तिच्या घरात तिचा कायदा. मी गुपचूप बसले. आणि दहाव्या मिनिटाला मला कळलं की मीच मूर्ख होते. ते घड्याळाचं नव्हतंच. काठाशी आली की ती किंचित रेंगाळायची, मधल्या सपाट भागात सुटायची. धोट्यातली सुताची कांडी संपली की थांबायची, नवी घालायची, पुन्हा सुरू. एवढं जिवंत मी वीस वर्षांत काही ऐकलं नव्हतं. कानांवरून हेडफोन काढावेसे वाटेनात.

निघताना तिने एकच गोष्ट विचारली. "हे तुम्ही कापणार का?"

"म्हणजे?"

"मागावरची साडी अर्ध्यात कापत नाहीत. तुम्ही हे नेऊन तुकडे करणार असाल तर आत्ताच सांगा."

मी तिच्या गुडघ्याला हात लावून सांगितलं, "अक्का, मी तुमच्या दुपारचा एक सलग भाग घेईन. अकरा मिनिटांचा. त्याला मधे कात्री लावणार नाही. शब्द देते." तिने मान हलवली आणि मला गूळ-शेंगदाणे दिले.

दिलसुखनगरला माझं तिसऱ्या मजल्यावरचं घर. खाली दोन कोचिंग क्लास, समोर तिसरा, पोरं सकाळपासून सूत्रं घोकत असतात. त्यामुळे माझ्या खोलीच्या खिडक्यांना गाद्या आणि भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या लावलेल्या. उन्हाळ्यात आत बसलं की माणूस उकडतो, पण आवाज येत नाही. तिथे मी आठवडाभर ती दुपार पुन्हा पुन्हा ऐकली आणि माझी अकरा मिनिटं शोधली.

ती अकरा मिनिटं मी कशासाठी निवडली, सांगते. सातव्या मिनिटाला माग थांबतो. कांडी बदलतानाचा तो छोटा थांबा नाही, मोठा. बावीस सेकंद. त्याच्या आधी एक बारीक खर्र आवाज येतो, मग दोन-तीन ठोके, मग एकदम शांत. त्या शांततेत धागा ओढल्याची हलकी सुरसुर, एक उसासा, बांगडी बांगडीला लागते, आणि मग खट्-धप्प पुन्हा सुरू होतं, आधीपेक्षा सावकाश. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, ही बाई हात थांबवून आपल्या कापडाकडे पाहतेय. चाळीस वर्षांचं काम पाहतेय! मी त्या शांततेभोवती सगळी रचना बांधली. खाली तंबोरा, मधे मधे फक्त माझ्या डग्ग्याचा घुमारा, आणि सातव्या मिनिटाला तेही बंद. नुसती ती आणि तिचा श्वास. मला वाटलं, वीस वर्षांत मी पहिल्यांदा काहीतरी केलंय. आणि ठरवलं, की काही झालं तरी याला कोणाची कात्री लागू द्यायची नाही. तिला शब्द दिला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्या स्वतःसाठीसुद्धा.

डिझायनर बाईने ऐकलं आणि रडली. हे सोपं गेलं.

शोच्या आदल्या दिवशी सकाळी चौकात तालीम. रॅम्पच्या फळ्या ठोकून झालेल्या, मुली साध्या कपड्यांत पण उंच टाचांवर. मुलींना चालवायला मुंबईहून एक कोरिओग्राफर आला होता. चाळिशीचा, चपळ, मनाने वाईट नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याने पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केले. "मॅम, यह तो हिल रहा है। बीट कहाँ है?"

म्हटलं, "बीट आहे. पावलांनी ऐका, मोजू नका. साडीत पाऊल तसंही लहान पडतं. धावायचंय कुठे त्यांना?"

मुली बिचाऱ्या गुणी होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांना ते सापडायला लागलं. मग आलं सातवं मिनिट. माग थांबला. रॅम्पच्या मध्यावर पाच मुली गोंधळून उभ्या, एक हसायला लागली, आणि साउंडवाल्याने वायर तपासायला धाव घेतली.

"बावीस सेकंद!" कोरिओग्राफर ओरडला. "बावीस सेकंदात लोक फोन काढतात. लोकांना वाटेल सिस्टिम बंद पडली. यह काटो, नहीं तो इसमें ड्रम डालो।"

"कापणार नाही. ड्रमही घालणार नाही. मुलींना उभं राहू दे. लोकांना साडी बघायची असेल तर उभ्या बाईच्या अंगावर बघू दे."

"मॅम, मी पंधरा वर्षं शो करतोय."

"मी वीस. आणि वीस वर्षं तुमच्यासारख्यांचं ऐकून कापत आलेय."

माझं डोकं सटकलं होतं. आवाज त्या दगडी चौकात चांगला घुमला, फुलं लावणारे लोकसुद्धा थांबून बघायला लागले. डिझायनर बाई मधे पडली. "अरे, इत्ता गुस्सा कैकू? थोडंसं कमी कर ना. बावीसचे आठ कर. सगळे खूश."

आठ! भाजीचा भाव पाडावा तसे आठ. मी उठले, लॅपटॉपची वायर काढली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. म्हटलं, "हे असंच वाजेल, नाहीतर वाजणार नाही. माझं नाव काढा, माझं संगीत काढा, आणि यांच्याकडचं ते घड्याळ लावा. मी चालले." नुसती धमकी नव्हती ती. मी खरंच निघाले होते. आजवर कापलेल्या सगळ्या रचना माझ्या मानेवर बसल्या होत्या. मनात म्हटलं, आज मी गेले तर या शहरात मला कोणी काम देणार नाही, न देवो, तबला शिकवून जगेन.

फाटकाशी पोचले तोवर डिझायनर बाई मागून धावत आली. "ठीक आहे. राहू दे. बावीस राहू दे. पण उद्या लोक हसले तर मी तुला कच्ची खाईन."

"खा," म्हटलं.

परत आले तेव्हा कोरिओग्राफरने माझ्याकडे पाठ केली होती आणि मुलींना शिकवत होता की माग थांबला की मानही हलवायची नाही. मी जिंकले होते. मी इतकी खूश होते की फुलवाल्यालासुद्धा सांगितलं, उद्या सातव्या मिनिटाला लक्ष ठेव.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा अक्का आली. डिझायनर बाईने तिला शोसाठी बोलावलं होतं. शेवटी तिला हाताला धरून रॅम्पवर आणणार होती. अक्का अफझलगंजच्या बस स्टँडला उतरली... नाही, चुकले, तिकडची बस आता वेगळ्या ठिकाणी थांबते. बसने आली, एवढं खरं. काखेत पिशवी, अंगावर स्वतः विणलेली साडी, चौकातल्या झगमगाटाकडे एक नजर टाकून ती सरळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. मी तिला चहा दिला. म्हटलं, "अक्का, ऐका. एक धागा कापलेला नाही." आणि माझे हेडफोन तिच्या कानांना लावले.

मी तिच्यासमोर उकिडवी बसून तिचा चेहरा बघत होते. आधी ती हसली. आपला माग ओळखीचा वाटला असणार. पाय खुर्चीखाली हलायला लागले, डावा, उजवा, पावडी दाबल्यासारखे. मी मनात म्हटलं, बघा लेको, बीट कुठे आहे विचारत होतात! मग सातवं मिनिट आलं. तिचे पाय थांबले. चेहरा उतरला. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना असं.

"हे का ठेवलंत?" ती हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"ही माझी चूक आहे. चुकीची पावडी पडली. तीन धागे चुकीचे गेले. मग थांबून उसवले. ते तुम्ही लोकांना ऐकवणार?"

मला आधी कळेचना. म्हटलं, "अक्का, चूक कसली? तुम्ही थांबून कापड बघत होतात."

"कापड काय बघायचंय? चूक बघत होते." तिने हेडफोनकडे बोट केलं. "थांबायच्या आधीचे तीन ठोके ऐका. पावडीचा आवाज वेगळा आहे. डावी पाहिजे तिथे उजवी."

मी हेडफोन घातले. ऐकलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा ते तीन ठोके कानात सुईसारखे रुतले. पावडीची लाकडी कुरकुर खरंच वेगळी होती. वीस वर्षं कान विकून खाणारी मी, ते तीन ठोके शेकडो वेळा ऐकून मला कळलं नव्हतं. डोळे मिटून भारावून बसले होते.

"एवढ्या वर्षांत माझा हात असा चुकत नाही," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात राग होता. "तुम्ही त्या दिवशी माइकची काठी सरकवलीत. खर्र झालं. माझं लक्ष गेलं."

तो बारीक खर्र आवाज! मी तो मागाचा समजत होते. त्याच्यावर प्रेमच करत होते, म्हणा. तो माझ्या स्टँडचा पाय होता, तिच्या फरशीवर घासलेला. मी माझ्या हाताने तिला चुकवलं होतं, आणि तिची ती चूक उचलून आठवडाभर तंबोऱ्यात घोळवली होती.

तरी सांगते, माझा पीळ गेला नाही. माणसाने इतकं भांडून मिळवलेलं असलं की तो सहज सोडत नाही. मी म्हटलं, "अक्का, पण ते फार सुंदर आहे. इथे कोणाला कळणार नाही चूक आहे म्हणून."

"उद्या माझी जाऊ येतेय. आळीतले चार जण येतायत, तुमच्या त्या बाईंनीच बोलावलंय. त्यांना पहिल्या ठोक्यात कळेल."  मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्ही वाजवता ना? तुमचा हात चुकला तर तुम्ही ते लोकांना ऐकवता?"

 त्याच रचनेत डग्ग्यावर माझा एक हात कच्चा पडला होता, तो मी पहिल्याच दिवशी पुसून टाकला होता. पुसताना क्षणभर विचारही केला नव्हता. माझी चूक ती चूक, आणि तिची चूक ती कला. लाज वाटली मला. भयंकर लाज वाटली.

"पण तुम्हीच म्हणालात कापू नका," मी शेवटची काडी धरली.

"कापू नका म्हणाले. चूक झाली तर उसवावंच लागतं. न उसवता कोण पुढे विणतं?"

मी लॅपटॉप उघडला. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली, आणि आम्ही दोघींनी मिळून ते काम केलं. ते चुकीचे तीन ठोके काढले, खर्र काढला, बावीस सेकंद काढले. पुढचा ठोका मागच्याला जोडला. माझ्या हिशेबाने जोड बेमालूम होता. तिने ऐकून मान हलवली, "उजवीनंतर पुन्हा उजवी आली." मी जोड एक ठोका मागे सरकवला. "आता बरोबर." मी विचारलं, बाकीचे छोटे थांबे? तेही काढू का? "ते कशाला? तिथे कांडी बदलली आहे. ते काम आहे. राहू द्या." असे चार थांबे राहिले. शेवटी तिने माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "कुणाला सांगू नका हां." मी म्हटलं, नाही सांगणार.

हे आता लिहितेय ते तिला विचारून. ती म्हणाली, लिहा, पण गावाचं नाव घालू नका आणि साडीचा रंग सांगू नका.

लोक जेवून आले. आता कोरिओग्राफरला सांगणं भागच होतं, कारण मुलींना नवीन हिशेब लागणार. मी त्याच्यापाशी गेले आणि खालच्या आवाजात म्हटलं, "तो मोठा थांबा काढलाय. बाकीचे चार तसेच ठेवायचे."

 मग त्याचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "क्या बात है, मॅम! सकाळी तर माझा जीव घेत होतात." मागे वळून डिझायनर बाईला ओरडला, "मॅमने काट दिया!" तिने लांबून दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं. फुलवाला विचारतो, "अम्मा, सातव्या मिनिटाचं काय झालं?" मी म्हटलं, तू फुलं लाव.

एक फायदा झाला. मोठा थांबा गेल्याच्या आनंदात त्याने छोट्या चारांबद्दल हूं की चूं केलं नाही. उलट मुलींना ते मन लावून शिकवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शो झाला आणि छान झाला. मी साउंडवाल्याच्या टेबलाशी उभी होते. माग वाजायला लागला तशी पुढच्या रांगेतली कुजबुज थांबली. पहिली मुलगी निघाली, काठाच्या वेळी तिचं पाऊल रेंगाळलं, मधे सुटलं. कांडीचा पहिला थांबा आला. सगळ्या मुली आहेत तिथे स्तब्ध. चौकात आवाज नाही. कोणी फोन काढला नाही, कोणी हसलं नाही. पुन्हा खट्-धप्प, आणि सगळ्या एकदम निघाल्या.  सातवं मिनिट कधी गेलं कळलंही नाही. मला मात्र कळलं. मी त्या जागी श्वास धरून होते आणि माग सुरळीत पुढे गेला. तिसऱ्या रांगेत अक्काची जाऊ आणि आळीतले लोक बसले होते. त्यातला एक म्हातारा डोळे मिटून मान डोलवत होता आणि त्याची मान कुठेही अडली नाही. शेवटी अक्का रॅम्पवर आली, ताठ, हात न जोडता. लोक उभे राहिले.

नंतर चहापाण्याला चौकाच्या कोपऱ्यात सगळे जमले. डिझायनर बाई, तिच्या मैत्रिणी, दोन-तीन वर्तमानपत्रवाले, कोरिओग्राफर. अक्का आपल्या जावेला आणि आळीतल्यांना घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. ते तिला विचारत होते, कुठल्या साडीचा आवाज हा, आणि ती ऐटीत सांगत होती. एका वर्तमानपत्रवालीने मला विचारलं, "हे थांबे फार सुंदर होते. कसे सुचले?" मी तोंड उघडायच्या आत कोरिओग्राफर मधे घुसला. त्याला चढली होती, यशाची.

"मी सांगतो!" तो म्हणाला. "कल सुबह मॅम ने जो तमाशा किया! एक थांबा होता, बावीस सेकंदांचा. सातव्या मिनिटाला. लॅपटॉप उचलून निघाल्या होत्या, शो सोडून! मी म्हटलं, मॅम, वह ग़लत है, वहाँ सब टूट जाएगा। ऐकायला तयार नाहीत. दुपारी जेवून आलो तर स्वतःच कापून ठेवलेलं! शेवटी पटलं त्यांना."

सगळे हसले. डिझायनर बाईने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. याला पटलं म्हणे! माझी जीभ दातांपर्यंत आली होती. एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. म्हणता आलं असतं, अरे शहाण्या, तुझ्यामुळे नाही कापलं. त्या थांब्यात काय होतं ते कळायची अक्कल आहे का तुला? मला वीस वर्षांत कोणी असं चारचौघांत हरवलं नव्हतं, आणि इथे तर मी हरलेही नव्हते.

त्याची हिंदी-मराठी खिचडी अक्काला थोडीफार कळते. "सातवं मिनिट" कळलं असणार, "ग़लत" तर नक्कीच. तिचं बोलणं मधेच थांबलं. जावेने विचारलं, काय झालं गं, कुठला थांबा?  अक्का माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "माझंच चुकलं होतं. यांनी सांगितलं, मला पटलं."

कोरिओग्राफर खूश होऊन हसला आणि टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली.